घरच्या मोटार सर्व्हिसचा इतिहास लिहायचा तर आधी परमिट शोधा (बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, चंदगड)

जुनी_किर्द:
आपल्या सीमाभागात एकाच घराण्याने दोन-चार गाड्यांवर चालवलेल्या मोटार सर्व्हिसेस बऱ्याच होत्या. आता तिसरी-चौथी पिढी त्यांचा इतिहास लिहायला बसली आहे, हे फार बरे झाले. पण सुरुवात हमखास हार घातलेल्या गाडीच्या फोटोपासून होते. गाडी कुठली, कितीला घेतली, नारळ कुणी फोडला. गाडी मोडीत निघायची, तिच्या जागी दुसरी यायची. टिकायचे ते परमिट. आरटीएची, म्हणजे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची, परवानगी घेतली की त्याच परमिटवर नवी गाडी चढवता येत असे. म्हणून इतिहासाचा कणा परमिट धरा आणि गाड्यांची यादी त्याला जोडा.

परमिटमुळे काळाचे तुकडेही आपोआप पडतात. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याआधी आणि नंतर, हा पहिला. त्या कायद्याने प्रादेशिक परिवहन प्राधिकरण आले, टप्पा वाहतुकीला, म्हणजे वाटेत माणसे चढवत-उतरवत जाणाऱ्या गाडीला, मार्गाचे परमिट लागू लागले आणि त्याची मुदत ३ ते ५ वर्षे ठरली. दुसरा तुकडा १ जून १९४८. त्या दिवशी मुंबई राज्याची एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबईतच होता, त्यामुळे इथल्या मालकांचे नशीब त्या गाडीला बांधले गेले. तिसरा १ नोव्हेंबर १९५६, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर १ ऑगस्ट १९६१ ला म्हैसूर राज्याचे महामंडळ, १९७३ ला राज्याचे नाव बदलल्यावर त्याचेच केएसआरटीसी आणि १ नोव्हेंबर १९९७ पासून हुबळीचे वायव्य कर्नाटक महामंडळ.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, नाहीतर सगळा शोध चुकीच्या कचेरीत होतो. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. जिल्हा म्हैसूरला गेला तेव्हा चंदगड तेवढा मागे राहिला. म्हणजे १९५० साली बेळगाव-चंदगड गाडी ही जिल्ह्याच्या आतली साधी फेरी होती. तीच गाडी, तोच रस्ता, तेच गिऱ्हाईक, आणि १९५७ साली ती आंतरराज्य झाली. परमिटवर दुसऱ्या राज्याची काउंटर सही, म्हणजे मान्यतेची जोडसही, लागू लागली.

मलप्रभाकाठ:
संस्थानांचा मुद्दा यात घाला की. १९४८-४९ पर्यंत हा नकाशा गोधडीसारखा होता. बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानचे. रायबाग कोल्हापूरचे, गडहिंग्लजही कोल्हापूरचेच. ब्रिटिश मुलखातला कायदा संस्थानी हद्दीत आपोआप चालत नसे, दरबारची वेगळी परवानगी लागे. त्यामुळे बेळगावातून गडहिंग्लजला जाणाऱ्या सर्व्हिसचे कागद दोन ठिकाणी सापडतात. संस्थानी बाजूसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार, ब्रिटिश बाजूसाठी मुंबईचे. सांगली संस्थान मार्च १९४८ मध्ये विलीन झाले, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. त्याआधीच्या तारखेचा कागद हातात आला की आधी गाव कुणाच्या हद्दीत होते ते बघा.

या सर्व्हिसेस कुठे उगवल्या हेही बघण्यासारखे आहे. रेल्वे स्टेशनांच्या नावातला ‘रोड’ शब्द बघा: चिकोडी रोड, गोकाक रोड. स्टेशन एकीकडे, गाव दुसरीकडे. ती मधली मैलांची पोकळी आधी टांग्या-बैलगाड्यांनी भरली, मग मोटारीने. निपाणीला तर रेल्वेच नाही, आणि तंबाखूची एवढी मोठी पेठ. पश्चिमेला बेळगाव-आंबोली-सावंतवाडी-वेंगुर्ला हा बंदराचा जुना रस्ता. रेल्वे आल्यावर माल मुरगावकडे वळला, पण घाटाखालच्या माणसाला बेळगावच जवळ राहिले. तुमच्या घरच्या जुन्या वेळापत्रकातल्या वेळा त्या काळच्या रेल्वेच्या वेळेशी लावून बघा. गाडी अमुक मेल गाठायला निघत होती हे लगेच दिसते, आणि सर्व्हिस नेमकी कशासाठी निघाली याचे उत्तर तिथेच मिळते.

शेवटची_शीट:
घरात फक्त किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आहे, परमिट नाही. किर्दीवरून काय काढता येईल? आकडे आणे-पैत आहेत, काही पाने मोडीत आहेत.

जुनी_किर्द:
किर्द मिळाली म्हणजे अर्धे काम झाले. आधी कोष्टक पाठ करा: १ रुपया = १६ आणे, १ आणा = १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्यापुढे काही वर्षे ‘न.पै.’ असे लिहिलेले दिसेल. पै आणि नये पैसे यांची गल्लत करू नका, फार जणांची इथेच चूक होते. अंतर मैलात, १ मैल = १.६०९ किमी.

भाडे मैलामागे पैत ठरे. उदाहरणच घ्या. बेळगाव-खानापूर साधारण २६ किमी, म्हणजे १६ मैल. दर मैलाला ९ पै धरला तर १६ × ९ = १४४ पै, म्हणजे १२ आणे. आता किर्दीत एका फेरीचे १३ रुपये ८ आणे जमा असतील तर ते २१६ आणे, भागिले १२, म्हणजे पूर्ण अंतराची १८ माणसे. पण वाटेत चढणारे-उतरणारे असतातच, तेव्हा प्रत्यक्षात गाडीत पाय ठेवलेली माणसे १८ पेक्षा जास्त. अशी दहा-बारा दिवसांची पाने काढली की बाजाराचा दिवस कुठला ते न सांगता कळते. त्या दिवशीची जमा उठून दिसते.

दुसरी तपासणी पेट्रोलची. जुनी पेट्रोल गाडी गॅलनला दहा मैलांच्या आसपास जायची (तो गॅलन ४.५४६ लिटरचा). दोन जाऊन-येऊन फेऱ्या म्हणजे ६४ मैल, साडेसहा गॅलनच्या आत-बाहेर पेट्रोल. किर्दीत रोज नऊ गॅलन पडत असेल तर तीन शक्यता: मुक्कामाच्या गावापर्यंत रिकामी धाव, न लिहिलेली जादा फेरी किंवा इंजिन थकलेले. जमा तेवढीच आणि पेट्रोल हळूहळू चढत गेले असेल तर इंजिन. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ‘बोअर’, ‘पिष्टन’, ‘रिंगा’ असा खर्च सापडायला हवा. सापडला की तुमचे वाचन बरोबर.

मोडीची पाने जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, अंदाजाने वाचू नका. मोडीतली आणे-पैची खूण अपूर्णांकाच्या उभ्या-आडव्या रेघांनी लिहितात, एक रेघ चुकली की चार आणे इकडचे तिकडे.

कमानपाटा:
किर्दीत १९४२ ते ४५ च्या पानांवर पेट्रोल एकदम कमी आणि ‘कोळसा’ दिसू लागला तर गोंधळू नका. महायुद्धात पेट्रोलला रेशन होते, गाड्यांना मागे कोळशाचा गॅस प्लांट बसवला गेला. हा भाग लोक एका ओळीत उरकतात, तसे करू नका. याच चार वर्षांत अनेक सर्व्हिसेस खचल्या आणि ज्या टिकल्या त्या का टिकल्या ते इथेच कळते.

गाडीच्या पाठीमागे उभी टाकी. वरून लोणारी कोळसा भरायचा, खाली जाळीजवळ चिंधी पेटवून घालायची आणि हाताने पंखा फिरवायचा. दहा-पंधरा मिनिटे पंखा फिरवल्यावर तोटीवर गॅस पेटवून बघायचा, ज्योत स्थिर जळली म्हणजे गॅस तयार. मग थोड्या पेट्रोलवर इंजिन चालू करून गॅसवर घ्यायचे. लिटरभर पेट्रोलचे काम करायला दीड-दोन किलो कोळसा लागे. हा गॅस म्हणजे मुख्यत्वे कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन, त्यात ताकद कमी. इंजिनाची तिसरा हिस्सा ते निम्मी शक्ती जायची. सपाटीला चालून जाई, पण चढ आला की माणसे उतरवावी लागत. गॅस सावकाश जळतो म्हणून इग्निशनचे टायमिंग पुढे घ्यावे लागे. ते न करता चालवली की ताकद आणखी घटून इंजिन तापायचे.

बिघडायचे काय? एक, ओला कोळसा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात कोळसा कोरडा ठेवणे हे मोठे काम, ओल आली की डांबरट वाफ धरून नळ्या तुंबत. दोन, राखेचा खडा. जाळीवर राख वितळून तिचा दगडासारखा थर जमतो, तो रोज गजाने फोडून काढायचा. तीन, गाळणी. कापडाची किंवा काथ्याची गाळणी साफ झाली नाही तर राखेची भुकटी सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा खाऊन टाकते. म्हणून युद्ध संपल्यावर पेट्रोल मोकळे मिळू लागले तरी १९४६-४७ च्या किर्दीत इंजिनाचा खर्च मोठा दिसतो. त्याला उधळपट्टी समजू नका, ते कोळशाचे बिल आहे.

चौथी गोष्ट जिवाची. बंद शेडमध्ये प्लांट पेटवणे धोक्याचे, कारण गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. क्लीनरला आधी डोकेदुखी, मग झापड.

जंगलाची बाजू आणि काळ्या मातीची बाजू यांचा हिशेबही वेगळा ठेवा. खानापूर-चंदगडकडे जांभा आणि मुरूम, खाच-खळग्यांनी कमानपाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) तुटत आणि लाकडी बॉडीचे सांधे ढिले होत. बैलहोंगल-अथणीकडे काळी माती. उन्हाळ्यात रस्ता लोखंडासारखा, पहिल्या पावसानंतर गाडी आसापर्यंत रुतणार. तिथे पावसाळ्यात फेऱ्याच बंद असत. तेव्हा पश्चिमेच्या सर्व्हिसचा खर्च पाट्यांत आणि ब्रेक लायनरमध्ये दिसेल, पूर्वेच्या सर्व्हिसची जमा जून ते सप्टेंबर गायब असेल. दोन्ही मार्ग असलेल्या घराण्याने गाड्या ऋतूप्रमाणे फिरवल्या का, हे किर्दीतून नक्की शोधा. धंद्याची अक्कल तिथे दिसते.

निपाणी_नाका:
बऱ्याच घरांत सांगतात की राष्ट्रीयीकरणात सरकारने गाड्या ओढून नेल्या. हे कितपत खरे?

सहीशिक्का:
बहुतेक वेळा गाडी दारातच राहिली, गेले ते परमिट. हा फरक कळला नाही तर पूर्ण प्रकरणच उलटे लिहिले जाते.

सुरुवातीला सरकारकडे सोपा मार्ग होता: मुदत संपली की नूतनीकरण द्यायचे नाही. मग कोर्टकचेऱ्या झाल्या. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात चौथा-अ हा भाग घातला गेला आणि रीत पक्की झाली. कलम ६८-क खाली महामंडळाने मार्गाची योजना राजपत्रात छापायची, ६८-ड खाली मालकांनी ३० दिवसांत हरकत घ्यायची, सुनावणी व्हायची, मग मंजूर योजना पुन्हा राजपत्रात. योजना मंजूर झाली की प्राधिकरण परमिट रद्द करू शके किंवा त्याचा मार्ग तोडू शके.

आणि भरपाई? तिचा हिशेब कायद्यातच बांधून दिलेला आहे. परमिटच्या शिल्लक मुदतीतल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला, किंवा १५ दिवसांहून जास्त असलेल्या तुकड्याला, २०० रुपये. ७ ते १५ दिवसांच्या तुकड्याला १००. कमीत कमी ४०० रुपये. म्हणजे १८ महिने शिल्लक असतील तर ३,६०० रुपये. मुदत संपता संपता परमिट गेले तर ४००. तीस वर्षे जमवलेले गिऱ्हाईक, स्टँडवरची जागा, गावोगावचे एजंट, यांची किंमत त्यात कुठेच नाही. गाडी, सुटे भाग, शेड हे मालकाकडेच, पण मार्ग नसलेल्या टप्पा गाडीला घेणार कोण? सगळ्यांच्या गाड्या एकदम विकायला निघाल्या की भाव पडणारच. घराण्यांच्या बोलण्यात जी जखम ऐकू येते ती इथली आहे, आणि ती आकड्यांनिशी लिहिली पाहिजे. १९८८ च्या नव्या कायद्यात हेच कलम १०५ म्हणून आले, रकमाही त्याच राहिल्या: २००, १०० आणि ४००. मधल्या ३२ वर्षांत पेट्रोल कुठल्या कुठे गेले, ही ओळ जागची हलली नाही.

तेव्हा शोधायचे दोन कागद: योजनेचे राजपत्र आणि परमिट रद्द केल्याचा आदेश. आदेशावरची तारीख आणि परमिटची मुदत यांची वजाबाकी करा, भरपाई मिळायला हवी होती ती रक्कम काढा आणि किर्दीतल्या जमेशी ताडून बघा.

मलप्रभाकाठ:
यात १९७६ विसरू नका. टप्पा परमिटे गेल्यावर काही घरांनी कंत्राटी गाड्या काढल्या, म्हणजे लग्न, यात्रा, सहल, ठरावीक मंडळींना एका ठिकाणाहून दुसरीकडे. सौंदत्तीच्या यल्लम्माला पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूरकडून किती माणूस येते ते सांगायला नको. कर्नाटकाने १९७६ मध्ये कंत्राटी वाहने ताब्यात घेण्याचा कायदाच केला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. या वेळी मात्र खरोखरच गाड्या गेल्या. म्हणजे घरात ‘गाड्या ओढून नेल्या’ अशी आठवण असेल तर ती बहुधा १९७६ ची आहे आणि सांगता सांगता १९५० च्या दशकाला चिकटली आहे. दोन्ही प्रसंग वेगळे लिहा.

जुनी_किर्द:
हा खुलासा फार मोलाचा.

आता घराच्या आतली बाजू. सर्व्हिस ‘आमच्या घराण्याची’ असली तरी परमिट एका नावावर असे. ते प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही आणि भावाभावांत वाटून तर घेताच येत नाही. मालक वारला तर वाहनांचा ताबा ज्याच्याकडे आला त्याला तीन महिने त्याच परमिटवर गाडी चालवता येते, पण मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवावे लागते आणि नावावर करण्याचा अर्ज वेळेत करावा लागतो. जुन्या कायद्यात हे कलम ६१, आताच्या कायद्यात ८२. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत आणि नंतरच्या वाटणीच्या बोलण्यांत महिना कधी सरतो कळत नाही. अर्ज कुणाच्या नावाने करायचा यावर भावांचे जमले नाही की स्टँडवरचा प्रतिस्पर्धी हरकत घ्यायला टपलेलाच.

म्हणून सर्व्हिस बंद पडल्याचे कारण ‘एसटी आली’ असे लिहिण्याआधी तीन तारखा एका खाली एक मांडा: मालकाच्या मृत्यूची, वाटणीपत्राची आणि परमिटच्या शेवटच्या नूतनीकरणाची. एसटी येण्याआधीच कंपनी मोडली होती असेही निघू शकते. ज्यांनी १९३२ च्या कायद्याखाली भागीदारी नोंदवून फर्मच्या नावाने परमिट घेतले, त्यांचे मृत्यूच्या वेळी अडत नसे. फर्मची नोंद निबंधकाकडे असते, भागीदार बदलल्याच्या तारखाही तिथे मिळतात.

कमानपाटा:
गाड्यांच्या यादीसाठी एक सूचना. फोटोवरून मॉडेल ओळखताना बॉडी बघू नका, बॉडी इथल्याच सुतार-लोहाराने बांधलेली असे. सागवानी सांगाडा, वर पत्रा, टपावर सामानाचा कठडा आणि मागे शिडी. एकाच कारखान्यातून शेवरोलेवर आणि बेडफर्डवर सारखीच दिसणारी बॉडी चढायची. बघायचे ते पुढचे तोंड: जाळी, बॉनेट, चाकाच्या बोल्टांची संख्या. टेल्कोची मर्सिडीज-बेंझचा तारा लावलेली डिझेल गाडी दिसली तर फोटो १९५४ च्या आधीचा नाही, कारण ते उत्पादनच त्या वर्षी सुरू झाले आणि करार १९६९ ला संपला. नंबरप्लेटवर केए-२२ असेल तर बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक. ही पद्धत १९८९ नंतरची.

निपाणी_नाका:
आणि वडाप, म्हणजे जीप-ट्रॅक्समधून माणशी भाड्याने होणारी खासगी वाहतूक? तोही घरगुती धंदाच. त्याला या इतिहासात जागा आहे का?

सहीशिक्का:
आहे की, पण वेगळ्या प्रकरणात. ट्रॅक्स, जीप, टेम्पो ही कायद्याने मॅक्सी कॅब, चालक सोडून ७ ते १२ प्रवासी. तिचे परमिट कंत्राटी. वाटेत माणशी भाडे घेऊन चढवणे-उतरवणे हे टप्पा वाहतुकीचे काम, तिथे परमिटची शर्त मोडते आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमके तेच बोट दाखवते. तरीही वडाप चालले, कारण महामंडळाची मुक्कामाची गाडी जिथे पोचत नव्हती तिथल्या माणसाला दवाखाना, बाजार आणि कॉलेज गाठायचे होते. जुन्या सर्व्हिसचे मार्ग आणि वडापचे मार्ग एका नकाशावर काढा. शिनोळी-पाटणे फाट्यावर ते एकमेकांवर पडताना दिसतील.

अलीकडचा बदलही नोंदवून ठेवा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी गाडीत प्रवास मोफत. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट, तेही राज्याच्या हद्दीपर्यंत. वडापचे बरेच गिऱ्हाईक बायका, त्यामुळे हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे त्याचा हिशेब वेगळा झाला आहे. वडापवाल्यांच्या रोजच्या वह्या आत्ताच जपून ठेवा, पन्नास वर्षांनी याच किर्दी म्हणून लागतील.

शेवटची_शीट:
बेळगावातच बसून काय काय बघता येईल?

जुनी_किर्द:
सार्वजनिक वाचनालयात जुनी वृत्तपत्रे बघा. तरुण भारत १९१९ पासूनचा आहे. बातम्यांत वेळ घालवू नका, जाहिराती बघा: नव्या सर्व्हिसची वेळ, भाडे, कुठल्या दुकानासमोरून सुटणार. यात्रेच्या आधीच्या आठवड्याचे आणि दिवाळीचे अंक आधी काढा. मग जिल्ह्याचे गॅझेटियर, जुने १८८४ चे आणि नवे १९८७ चे. जुन्यात मोटार नाही, पण रस्ते, घाट, टोलनाके आणि बाजारांची गावे आहेत. मोटारीने पुढे तीच वाट धरली.

घरच्या कागदांना प्लास्टिकची लॅमिनेशन करू नका, पुन्हा सुटत नाही आणि शाई उडते. टाचण्या काढून टाका, गंजाने परमिटचा शिक्काच खाल्ला जातो. परमिटची पाठची बाजू आठवणीने स्कॅन करा. नूतनीकरण, गाडीबदल आणि काउंटर सह्या सगळ्या पाठीवरच असतात, आणि बहुतेकांनी फोटो पुढच्या बाजूचाच काढून ठेवलेला असतो.

मलप्रभाकाठ:
त्या काउंटर सहीत सही कुठल्या अधिकाऱ्याची आणि शिक्का कुठल्या गावचा ते वेगळ्या रकान्यात लिहा. चंदगडच्या फेरीला १९५६ आधी एकच शिक्का असेल, नंतर दोन. दुसरा शिक्का कोल्हापूरचा निघाला तर पुढचे कागद तिकडच्या आरटीओकडे मागायचे, बेळगावला अर्ज टाकून वाट बघत बसू नका.